स्वयंचलित स्प्रे पायरोलिसिस यंत्र: सीझेडटीएस सौरघटांसाठी दोन वर्षे वापरल्यानंतरचे परीक्षण

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागाने दोन वर्षांपूर्वी एक स्वयंचलित स्प्रे पायरोलिसिस यंत्र विकत घेतले. तापलेल्या तव्यावर काच ठेवायची, वरून धातूंच्या क्षारांच्या द्रावणाचे बारीक तुषार सोडायचे आणि थेंब काचेला टेकता टेकता त्यांचे विघटन होऊन हव्या त्या संयुगाचा पातळ थर तयार होऊ द्यायचा, एवढे या यंत्राचे काम. ते एका लहान कारखान्यात बनलेले आहे. याच धर्तीची यंत्रे अनेक जण बनवतात आणि त्यांच्या गुणदोषांत फारसा फरक नसतो, म्हणून बनवणाऱ्याचे नाव येथे दिलेले नाही. आम्ही ते तांबे, जस्त, कथील आणि गंधक यांच्या संयुगाचे, म्हणजे सीझेडटीएसचे, थर बनवण्यासाठी घेतले आणि याच एका कामासाठी ते जवळजवळ रोज वापरले. ज्या महाविद्यालयांत एम.एस्सी.चे प्रकल्प आणि एखाद-दुसरे पीएच.डी.चे काम चालते आणि असे यंत्र घ्यावे की नाही याचा विचार सुरू आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे.

यंत्राकडून काय अपेक्षा ठेवायची हे कळण्यासाठी आधी या पदार्थाविषयी लिहिणे आवश्यक आहे. पातळ थरांच्या सौरघटांत आज दोन पदार्थ आघाडीवर आहेत. त्यांपैकी कॅडमियम टेल्युराइडच्या घटांनी प्रयोगशाळेत २२ टक्क्यांच्या पुढे आणि तांबे, इंडियम, गॅलियम व सेलेनियम यांच्या संयुगाच्या घटांनी २३ टक्क्यांच्या पुढे कार्यक्षमता गाठलेली आहे. कॅडमियम टेल्युराइडचे पॅनेल बनवणारा फर्स्ट सोलर कंपनीचा मोठा कारखाना २०२४ पासून तमिळनाडूत सुरू आहे, म्हणजे हे तंत्र आता आपल्या देशातही कारखान्याच्या पातळीवर आलेले आहे. परंतु टेल्युरियम हे भूकवचात जवळपास सोन्याइतके दुर्मीळ आहे, आणि इंडियम प्रामुख्याने जस्ताच्या शुद्धीकरणात उपउत्पादन म्हणून मिळते, त्यामुळे त्याचा पुरवठा हवा तेवढा वाढवता येत नाही. तांबे, जस्त आणि गंधक यांची तशी वाण नाही. कथील त्यांच्यापेक्षा कमी असले तरी इंडियमच्या मानाने पुष्कळ आहे. या चारांपासून बनलेल्या संयुगाचा बँडगॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतो, जो सूर्यप्रकाशासाठी अगदी सोयीचा आहे, आणि जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाडीचा थर त्यावर पडणारा बहुतेक उपयुक्त प्रकाश शोषून घेतो.

एवढे सगळे अनुकूल असूनही या पदार्थाची वाटचाल संथ राहिली, आणि आम्हां शिक्षकांना त्याची ओढ वाटते ती याचमुळे. १९८८ मध्ये जपानच्या शिन्शू विद्यापीठातील इतो आणि नाकाझावा यांनी या संयुगात प्रकाशामुळे १६५ मिलिव्होल्ट विद्युतदाब निर्माण होतो हे दाखवले. पुढे नागाओका येथील काटागिरी यांच्या गटाने त्याला खऱ्या अर्थाने सौरघटाचे रूप दिले आणि २००८ पर्यंत कार्यक्षमता ६.७ टक्क्यांवर आणली. २०१३ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी गंधकाबरोबर सेलेनियम मिसळून १२.६ टक्के गाठले, आणि तो आकडा कित्येक वर्षे तेथेच अडून राहिला. अलीकडे चीनमधील गटांनी तो १४ टक्क्यांच्या पुढे नेला आहे. सेलेनियम न वापरता केवळ गंधकावर बनवलेल्या घटांत ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २०१८ मध्ये ११ टक्के आणि अलीकडे, थर भाजताना हायड्रोजनचा उपयोग करून, १३ टक्क्यांच्या पुढची मजल मारली. याउलट सैद्धांतिक मर्यादा ३० टक्क्यांच्या वर आहे. मधली तूट मुख्यतः दाबाची आहे. १.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पदार्थाने एक व्होल्टच्या आसपास दाब द्यायला हवा, परंतु चांगल्या घटांतही तो पाऊण व्होल्टच्या आगेमागे राहतो. तांबे आणि जस्त यांचे अणू जवळपास सारख्या आकाराचे असल्यामुळे स्फटिकात सहज एकमेकांच्या जागी जाऊन बसतात, कथील उष्णतेने उडून जाते, आणि नको असलेली दुय्यम संयुगे थरात शिल्लक राहतात. निर्माण झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धनभारित रिकामी जागा) बाहेर निघण्याआधीच एकमेकांत मिसळून नाहीसे होतात, ते या सगळ्यामुळे.

कोणतेही यंत्र घेताना म्हणूनच एकच प्रश्न विचारावा असे मला वाटते. या यंत्राने आज केलेला थर उद्या, परवा आणि पुढच्या महिन्यात तसाच येतो का? थर तसाच येत असेल, तरच आपण केलेल्या एखाद्या बदलाने घट सुधारला की बिघडला हे कळते, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे सांगताच येत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींनी पातळ थर बनवण्याची मोठी परंपरा आहे, आणि तेथून शिकून आलेल्या आमच्यासारख्या अनेकांनी हाताने धरलेल्या काचेच्या नोझलने वर्षानुवर्षे उत्तम थर बनवलेले आहेत. परंतु ते हात त्या त्या व्यक्तीचे होते. ती व्यक्ती पदवी घेऊन बाहेर पडली की तसा थर पुन्हा येत नसे.

या कसोटीवर यंत्राचा सर्वांत चांगला भाग म्हणजे त्याचा सिरिंज पंप आणि नोझलला दोन दिशांनी फिरवणारी मोटर. मिनिटाला दोन-तीन मिलिलीटर इतक्या मंद गतीनेही द्रावण एकसारखे येते, मध्ये तुटत नाही, आणि नोझल काचेवरून अशा रीतीने फिरते की कडांनाही मधल्या भागाइतकाच थर बसतो. पूर्वी एका काचेवरच मधोमध गडद तपकिरी आणि कडेला फिकट सोनेरी अशा छटा दिसत, त्या आता दिसत नाहीत. एकाच द्रावणातून एकापाठोपाठ केलेल्या सहा काचा उजेडासमोर धरल्या तर डोळ्यांना त्यांच्यात फरक करता येत नाही. हाताने हे आम्हांला कधीच साधले नव्हते. या एका गोष्टीसाठी यंत्राचे पैसे वसूल झाले, असे मी मनापासून म्हणतो.

सर्वांत कच्चा भाग म्हणजे तवा. यंत्राच्या पडद्यावर जे तापमान दिसते ते तव्याच्या पोटात बसवलेल्या थर्मोकपलचे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या जोडाचे, असते, काचेच्या पृष्ठभागाचे नव्हे, आणि माहितीपत्रकात ही गोष्ट कोठेही लिहिलेली नाही. पहिले चार महिने आमचे थर भुसभुशीत येत होते, बोट फिरवले तर काळसर पूड निघत होती, आणि आम्ही दोष द्रावणाला देत होतो. शेवटी शिशाचा तांदळाएवढा तुकडा काचेवर ठेवून पाहिला. शिसे ३२७ अंशांना वितळते. पडद्यावर ३५० दिसत असतानाही तो तुकडा सुईच्या टोकाखाली कडकच होता. पडद्यावरचा आकडा ३७० च्या पुढे गेल्यावर सुई टोचताच तो मऊ होऊन पसरला. म्हणजे आम्ही ज्याला ३५० समजत होतो ते काचेवर जेमतेम ३०० च्या थोडे पुढे होते, आणि तुषार सुरू झाल्यावर पाण्याच्या बाष्पीभवनाने ते आणखी खाली उतरत होते. हे कळल्यावर आम्ही काचेच्या बाजूला त्याच जाडीचा काचेचा तुकडा ठेवून त्याखाली बारीक थर्मोकपल दाबून बसवला आणि तवा त्याच्या आकड्यावर चालवू लागलो. त्यानंतर पूड निघणे थांबले.

तापमानाविषयी इतके लिहिण्याचे कारण असे की, या पद्धतीत चांगल्या थरासाठी मिळणारी तापमानाची पट्टी अरुंद आहे. तवा कमी तापला तर द्रावणातील क्लोरिन पुरता निघून जात नाही आणि स्फटिक धड बनत नाही. जास्त तापला तर थेंब काचेपर्यंत पोचण्याआधीच सुकतात, त्यांची भुकटी होऊन ती नुसती वर बसते, आणि कथिलाचे क्लोराइड उडून जाऊन थरातले कथील कमी होते. थर तांब्याने किंचित कमी आणि जस्ताने किंचित जास्त असावा, म्हणजे तांब्याचे प्रमाण जस्त व कथील यांच्या बेरजेच्या ०.८ पट आणि जस्त कथिलाच्या १.२ पट असावे, हे या क्षेत्रातील सर्वमान्य सूत्र आहे. परंतु बाटलीत हे प्रमाण ठेवले म्हणून ते काचेवर उतरतेच असे नाही, आणि ते किती बदलते हे तव्याच्या तापमानावर ठरते. तव्याच्या तापमानाची खात्री नसेल तर बाकीची सगळी स्वयंचलित सोय निरुपयोगी ठरते.

द्रावणाच्या बाबतीत यंत्राला फारसा दोष देता येणार नाही, मात्र काही गोष्टी नव्या माणसाला कोणी सांगत नाही म्हणून लिहून ठेवतो. तांब्याच्या क्लोराइडच्या निळसर-हिरव्या द्रावणात थायोयुरिया, म्हणजे थराला गंधक पुरवणारे संयुग, घातले की आधी ते दुधट होते, ढवळत राहिले की हळूहळू निवळते आणि निळा रंगही जातो. हे बिघडल्याचे लक्षण नाही, थायोयुरियाने तांब्याला धरून ठेवले आहे याचे ते चिन्ह आहे. थायोयुरिया हिशेबापेक्षा बरेच जास्त घ्यावे लागते, कारण तव्यावर गंधकाचा मोठा भाग उडून जातो. कथिलाचे क्लोराइड हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये बाटली उघडून वजन करेपर्यंत ते पाणावते आणि वजन चुकते. आम्ही पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या बरणीतच ठेवतो आणि एकदा उघडलेल्या बाटलीतले पुन्हा नेमक्या कामाला घेत नाही. पावसाळ्याचा दुसरा त्रास काँप्रेसरचा आहे. हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे कण येतात आणि थरावर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे पडतात. यंत्राबरोबर मिळालेला फिल्टर यासाठी अपुरा आहे. आम्ही रंगकामाच्या दुकानातून दोन टप्प्यांचा फिल्टर आणून जोडला आणि छिद्रे पडणे जवळजवळ बंद झाले.

धूर ओढून घेणाऱ्या पंख्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. तुषार तव्यावर पडताना हायड्रोक्लोरिक आम्लाच्या आणि गंधकाच्या संयुगांच्या वाफा निघतात, त्यामुळे पंखा बंद ठेवणे कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. पण यंत्रातला पंखा एकाच वेगाचा आहे आणि तो तव्याच्या मागच्या भिंतीत बसवलेला आहे. तो चालू असताना तुषारांचा शंकू मागे झुकतो आणि काचेच्या मागच्या कडेला थर जाड बसतो. हे आमच्या लक्षात आले नव्हते. प्रकल्पाच्या एका विद्यार्थिनीने अगरबत्ती पेटवून नोझलखाली धरली आणि धुराची रेघ कोणत्या बाजूला वळते ते दाखवले. “सर, पंखा कमी नाही करता येणार, पण हवा वरून ओढली तर?” असे तिने विचारले. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याचे झाकण करून घेतले, पंखा त्याच्या माथ्यावर नेला आणि बाजूच्या फटी बंद केल्या. आता तुषार सरळ खाली पडतात आणि वाफाही खोलीत येत नाहीत. बनवणाऱ्याने सुरुवातीपासून हेच केले असते तर त्याला फारसा जास्त खर्च आला नसता.

नोझलची स्वच्छता हा रोजचा भाग आहे. काम संपल्यावर आधी अगदी सौम्य आम्ल आणि मग भरपूर डिस्टिल्ड वॉटर सोडले नाही, तर दुसऱ्या दिवशी टोकाशी पांढुरकी साय जमलेली असते आणि तुषारांऐवजी मोठे थेंब पडू लागतात. असा एक थेंब काचेवर पडला की तेथे कड असलेला गोल डाग उरतो आणि त्या जागी बनवलेला घट हमखास आतल्या आत शॉर्ट होऊन निकामी होतो. यंत्राच्या आज्ञावलीत स्वच्छतेचा स्वतंत्र टप्पा नाही. तो आम्ही द्रावणाच्या जागी पाण्याची सिरिंज लावून हाताने करतो.

ज्यांना पुढे खरा सौरघट बनवायचा आहे त्यांनी आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी. या घटाला मागचा संपर्क म्हणून काचेवर मोलिब्डेनमचा थर लागतो. पाण्यातले द्रावण ३०० अंशांच्या पुढे तापलेल्या मोलिब्डेनमवर हवेत फवारले तर मोलिब्डेनमचेच ऑक्सिडीकरण होते. आमच्या पहिल्या काचांवर चंदेरी थर निळसर पडून ठिकठिकाणी सुटला होता. त्यावर उपाय म्हणून पहिला पातळ थर कमी तापमानाला आणि हवेऐवजी नायट्रोजनच्या झोतात फवारावा लागतो, आणि तो बसल्यावर तापमान वाढवता येते. यंत्राला वायूसाठी एकच तोंड आहे, त्यामुळे आम्ही बाहेरून टी-जोड आणि दोन व्हॉल्व्ह बसवले. संशोधनासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रात ही सोय मुळातच हवी होती.

आता कार्यक्षमतेविषयी, कारण शेवटी सगळे त्यासाठीच आहे. केवळ फवारलेल्या थरावर बनवलेले आमचे घट अर्ध्या टक्क्यालाही पोचले नाहीत, आणि याचा दोष मी यंत्राला देत नाही. फवारणीनंतर थर भट्टीत गंधकाच्या वाफेत ५५० अंशांच्या वर भाजल्याशिवाय त्यातले स्फटिक वाढत नाहीत, आणि खरी सुधारणा तेथेच होते. या तापमानाला सीझेडटीएस स्वतःच फुटू लागते. कथिलाचे सल्फाइड वायुरूपाने निघून जाते आणि मागे तांब्याचे व जस्ताचे सल्फाइड उरते. म्हणून काच ग्रॅफाइटच्या झाकणबंद डबीत ठेवून तिच्याशेजारी गंधकाबरोबर चिमूटभर कथिलाचे सल्फाइडही ठेवायचे, म्हणजे डबीतली हवा कथिलाने आधीच भरलेली राहते आणि थरातले कथील जागेवर टिकते. साध्या खिडकीच्या काचेतले सोडियमही याच वेळी वर येऊन स्फटिकांच्या वाढीला मदत करते, म्हणून महागडी क्वार्ट्झची काच येथे उलट तोट्याची ठरते. डबी नीट बंद व्हायला लागल्यावर आमच्या घटांची कार्यक्षमता चौपट झाली, आणि तरीही ती दोन टक्क्यांच्या आतच आहे. आमच्या विद्यार्थ्यांना या आकड्याची लाज वाटू नये असे मी त्यांना सांगतो, कारण प्रत्येक वाढ कशामुळे झाली हे ते वहीतली पाने उघडून दाखवू शकतात.

थर तपासतानाही एक सावधगिरी ठेवावी लागते. क्ष-किरणांच्या आलेखात सीझेडटीएस, जस्ताचे सल्फाइड आणि तांबे-कथिलाचे सल्फाइड यांच्या मुख्य रेषा जवळजवळ एकमेकांवर येतात, त्यामुळे केवळ तो आलेख पाहून थर शुद्ध आहे असे लिहिणे चुकीचे आहे. रामन वर्णपटात (लेसरचा प्रकाश थरावरून विखुरल्यावर मिळणाऱ्या वर्णपटात) ३३८ प्रति सेंटीमीटरच्या आसपास मुख्य शिखर दिसते का आणि ४७५ जवळ तांब्याच्या सल्फाइडचे शिखर गेले का, हे पाहायलाच हवे. यंत्र विकणारे आपल्या माहितीपत्रकात केवळ क्ष-किरणांचा एक आलेख छापतात. तो पाहून निर्णय घेऊ नये.

विक्रीनंतरची सेवा समाधानकारक म्हणता येणार नाही. मोटर अडकली तेव्हा माणूस यायला सात आठवडे लागले आणि त्या काळात दोन विद्यार्थ्यांचे प्रकल्प खोळंबले. सुट्या भागांची यादी मागूनही मिळाली नाही. सिरिंज बाजारात सहज मिळते, नोझल मात्र बनवणाऱ्याकडूनच घ्यावी लागते, म्हणून खरेदीच्या मागणीपत्रातच दोन जास्तीच्या नोझल लिहाव्यात. फवारणीच्या मध्ये वीज गेली तर तवा गार होताना काचा तडकतात आणि वीज परत आल्यावर यंत्र आधीच्या टप्प्यावरून पुढे सुरू होत नाही, त्यामुळे नियंत्रक आणि पंपासाठी बॅटरीची जोड आवश्यक आहे. तव्यासाठी ती परवडत नाही, पण निदान द्रावण वाया जात नाही.

या सगळ्या दुरुस्त्यांसह मी हे यंत्र घ्यावे असे म्हणेन. स्पटरिंगच्या, म्हणजे निर्वातात आयनांचा मारा करून थर बसवणाऱ्या, यंत्राचा केवळ पंप ज्या किमतीला येतो त्यापेक्षा कमी किमतीत ते संपूर्ण मिळते, विद्यार्थी आठवड्याभरात ते चालवायला शिकतात, आणि स्वस्त व मुबलक पदार्थांचे सौरघट बनवताना थर घालण्याची पद्धतही स्वस्त असावी ही अपेक्षा ते पूर्ण करते. फक्त मोठ्या रंगीत पडद्यासाठी आणि मोबाइलवरून चालवण्याच्या सोयीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. तीच रक्कम जाड आणि एकसारखा तापणारा तवा, काचेजवळच्या थर्मोकपलसाठी वेगळे तोंड आणि वायूची दोन तोंडे यांवर खर्च करण्याची अट घालावी, आणि यंत्र ताब्यात घेण्याआधी बनवणाऱ्याच्या समोरच शिशाचा तुकडा काचेवर ठेवून, पडद्यावरच्या कोणत्या आकड्याला तो वितळतो ते पावतीच्या मागे लिहून घ्यावे.